‘बंद’ असा शेरा लिहिणाऱ्या शेखबाई

शेखबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या आणि प्रार्थनेच्या लाउडस्पीकरचं सगळं पोट उघडून त्यांनी पुढ्यात मांडलं होतं. मी शिक्षणसेवक म्हणून नेमणुकीचा आदेश घेऊन सकाळच्या एस.टी.तून नुकताच उतरलो होतो. हातात पत्र्याची ट्रंक, पँटवर रस्त्याची धूळ. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "नवीन सर का? मराठीचे?" मी हो म्हटलं. "मंग तो लहान पेचकस द्या जरा इकडं." मी स्क्रूड्रायव्हर दिला. पाच-सात मिनिटांत लाउडस्पीकर खरखरला. बाईंनी त्यात "एक, दोन, तीन" म्हणून पाहिलं, पदराला हात पुसले आणि मग कुठे माझ्याकडे नीट पाहिलं. "जेवले का तुम्ही? नाई न? चला." माझा आदेश मुख्याध्यापकांनी दुपारी वाचला, पण मी खरा रुजू झालो तो बाईंच्या घरी सकाळीच, वरणभात खाऊन.

श्रीमती नसीम शेख ह्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, ह्याबद्दल मी आभारी आहे. मात्र मंडळाच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे: लेख प्रसन्न असावा आणि वादाचे प्रसंग शक्यतो टाळावेत. ती ओळ वाचल्यापासून माझं डोकं तापलेलं आहे. बाईंच्या नोकरीतला वादाचा प्रसंग टाळायचा म्हणजे बाईंनाच टाळायचं. मग शाल, नारळ आणि एक हसरा फोटो एवढंच उरतं. मी हा लेख पूर्ण आदराने लिहितो आहे, पण तो प्रसन्न नाही. वाचकांना चालत नसेल तर त्यांनी पुढच्या लेखाकडे वळावं.

बाई मूळच्या चंद्रपूर शहरातल्या. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि भावंडांत दुकानात रमणाऱ्या ह्या एकट्याच. शाळेतून आल्या की दप्तर टाकून वडिलांच्या शेजारी बसायच्या, तारांना डाग द्यायच्या, गिऱ्हाइकांशी बोलायच्या. पुढे बी.एस्सी., बी.एड. झालं. लग्न झालं ते वनखात्यात कारकून असलेल्या शेखसाहेबांशी. त्यांच्या बदल्यांबरोबर बाई गडचिरोलीच्या जंगलाकडे आल्या आणि साहेबांच्या निधनानंतरही इकडेच राहिल्या. आमच्या शाळेत त्या विज्ञान आणि गणित शिकवायच्या. शाळेचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं की ही त्या एका शाळेची गोष्ट आहे असं समजून बाकीच्या शाळांचे लोक सुटकेचा श्वास सोडतील, आणि तो त्यांनी सोडावा असं मला वाटत नाही.

विज्ञानाच्या तासाला बाईंचा एकच नियम होता. जी वस्तू शिकायची ती प्रत्येक मुलाच्या हाताला लागली पाहिजे. मी रुजू झालो त्याच महिन्यात आठवीला विद्युतमंडल शिकवायचं होतं. शाळेत साहित्य म्हणजे टॉर्चचा एक दिवा, दोन सेल आणि वायरचा तुकडा. वर्गात बावन्न मुलं. कोणाचा नंबर आधी ह्यावरून भांडण नको म्हणून बाईंनी नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि निघतील तशा क्रमाने एकेकाला टेबलापाशी बोलावलं. चिठ्ठीचा क्रम त्या कोणासाठीही मोडत नसत, अगदी सरपंचांच्या मुलासाठीही नाही. तीन दिवस गेले. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "मॅडम, अभ्यासक्रम कधी पुरा करता?" बाई म्हणाल्या, "बावन्न हात झाले का पुढं जाते सर." मुख्याध्यापक निघून गेले. आमच्या शाळेत बऱ्याच गोष्टींवर त्यांचं उत्तर निघून जाणं हेच असायचं.

त्यांच्या मायेबद्दल ह्या ग्रंथात अनेकजण लिहितील, मी एकच प्रसंग सांगतो. पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर मला मलेरियाने धरलं. खोलीवर एकटा पडलो होतो. बाईंना दोन दिवस मी दिसलो नाही तेव्हा त्या शोधत आल्या, एक जीप थांबवून मला तीत घातलं आणि ग्रामीण रुग्णालयात नेलं. त्यांचे रोजे चालू होते. स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब न घेता त्या मला चमच्याने पेज भरवत होत्या. एस.टी.डी. बूथवरून माझ्या आईला फोन करून म्हणाल्या, "आई, पोरगं चांगलं आहे, तुमी घाबरू नका. मी आहे इथी." माझी आई आजही माझ्या आधी बाईंची खुशाली विचारते. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे मी काय केलं ते वाचताना हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा. मी तरी विसरू शकलेलो नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शाळेत संगणक आले. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कुठल्याशा कार्यालयाने नवे संगणक घेतले आणि जुने काढून टाकले. ते भंगारात जायचे, त्याऐवजी आमच्याकडे आले. वाटेत भंगाराचं नाव बदलून देणगी झालं. आठ संच होते. त्यांच्यावर त्या कार्यालयातल्या टेबलांचे नंबर तसेच चिकटलेले होते, एका कीबोर्डच्या फटींत कोणाच्या तरी डब्यातलं फरसाण होतं. पण मंडप पडला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, पाहुण्यांनी फीत कापली आणि जंगलातलं लेकरू आता जगाशी बोलणार असं भाषण केलं. शाळेत तेव्हा साधा टेलिफोन नव्हता. वीज रोज अकरा ते दोन जायची. त्या वेळात लेकरू जगाशी कसं बोलणार, हे पाहुण्यांना कोणी विचारलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या.

शाळेत कौलं न गळणारी खोली एकच होती आणि ती नववीची होती. संगणकांना ती दिली आणि नववीचा वर्ग मोहाच्या झाडाखाली बसायला लागला. पावसाळ्यात तो व्हरांड्यात यायचा आणि सातवीच्या कवितांमधून स्वतःचं बीजगणित ऐकायचा. यंत्रांना पक्की खोली आणि माणसांना झाड, ह्यात आम्हा शिक्षकांपैकी कोणाला काही गैर वाटलं नाही. बाईंना वाटलं. त्या बोलल्याही. त्यांना सांगण्यात आलं की संगणकाला ओल चालत नाही.

आठांपैकी सुरू झाले तीनच. ते चालवायचे कोणी, हे ठरलेलं नव्हतं. शिकवायला माणूस दिला नव्हता, दुरुस्तीला तर नाहीच. होळीपर्यंत तेही तीन बंद पडले. तोवर पालकांनी कौतुकाने त्यांना लाल कापडाच्या खोळी शिवून दिल्या होत्या. खोळी चढवल्या, खोलीला कुलूप लागलं, चावी मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये गेली. मुलं मधल्या सुट्टीत खिडकीच्या गजांना नाक लावून त्या लाल खोळी पाहायची.

आता जडवस्तू नोंदवहीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या वहीवर फिरलं. शाळेतली खुर्ची, घंटा, फळा, प्रत्येक टिकाऊ वस्तू त्या वहीत चढते. सगळे तिला डेडस्टॉक म्हणतात. एकदा वस्तू वहीत चढली की वरच्या परवानगीशिवाय ती उघडता येत नाही, टाकता येत नाही, हलवताही येत नाही. आणि वस्तू बंद आहे असा शेरा लिहिला की वरून प्रश्न येतो, बंद कशी पडली, जबाबदार कोण. म्हणून कोणी तसा शेरा लिहीत नाही. मोडकी खुर्चीही वहीत सुस्थितीत असते. दर मार्चमध्ये मुख्याध्यापक वही फिरवायचे आणि आम्ही ओळीने सह्या करायचो. त्या मार्चमध्ये ओळ होती: संगणक संच, आठ, सुस्थितीत. मी वाचली आणि सही केली. बाईंनी स्वतःच्या सहीशेजारी लिहिलं, ‘पाहिले नाहीत, खोली बंद होती.’ मुख्याध्यापक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

तपासणीची रीतही सांगून टाकतो, कारण ती आमच्याच नव्हे तर आजूबाजूच्या कितीतरी शाळांत चालायची. तपासणी अधिकारी असलेल्या साहेबांची जीप फाट्यावर दिसली की खोळी काढायच्या आणि फक्त पडद्यांची बटणं दाबायची. खालच्या खोक्यांत जीव नसला तरी पडद्यावरचा बारीक दिवा लागतो. साहेब चप्पल काढायचा कंटाळा करून दारातूनच आठ दिवे पाहायचे आणि वहीत ‘समाधानकारक’ लिहायचे. हे दिवे लावायचं काम माझ्याकडे होतं. मी ते चोख करायचो.

इकडे नववीला संगणकावर परीक्षेत प्रश्न असायचा. संगणकाचे भाग सांगा, आकृती काढा. मुलं पुस्तकातली आकृती गिरवून गुण मिळवायची. एक दिवस बाई मोहाच्या झाडाखाली विज्ञान शिकवत होत्या आणि मी शेजारच्या वर्गात होतो. नववीतली जैवंता मडावी उभी राहिली. जंगलातल्या एका टोल्यावरून, लहानशा वस्तीवरून, ती रोज पायी यायची, कमी बोलायची. तिने विचारलं, "मॅडम, त्या लाल कपड्याच्या आतमधी काय आहे जी?"

कोणी हसलं नाही, कारण कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनी खडू खाली ठेवला. त्या तासाला पुढे काही शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला अर्ज लिहिला. संगणक बंद आहेत, मला थोडी माहिती आहे, उघडून दुरुस्त करण्याची परवानगी द्यावी. महिनाभर उत्तर नाही. दुसरा अर्ज. त्याला उत्तर आलं की पहिला अर्ज विचाराधीन आहे. तिसऱ्या अर्जाला काहीच नाही. बाईंनी तिन्ही अर्जांच्या नकला फाइलला लावल्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत चावी मागितली. मुख्याध्यापक बाहेरगावी होते. शिपाई गेडामभाऊंनी ड्रॉवर उघडला. "मॅडम, चाबी देऊन राह्यलो. कोणी विचारलं तर मीच देल्ली म्हणतो, तुमी घेतली नोका म्हणू." बाई म्हणाल्या, "कोणी काही म्हणू नका. मी सही करून घेऊन राह्यली." आणि त्यांनी चावीच्या वहीत सही केली.

पुढचे दोन आठवडे मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात सुंदर शाळा पाहिली. नववीचा वर्ग आपल्या खोलीत परत गेला. बाईंनी आठही खोके उघडले. आत मुंग्यांची वारुळं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, धुळीचा थर. प्रत्येक भाग त्यांनी मुलांच्या हातात दिला, नाव सांगितलं, काम सांगितलं. एका वहीत कुठल्या खोक्यातला कुठला भाग कुठे गेला ते मुलींकडून लिहून घेतलं. मेमरीच्या पट्ट्यांची पितळी टोकं काळी पडली होती, ती खोडरबराने हलके घासायची हे त्यांनी दाखवलं आणि सगळा वर्ग खोडरबर घेऊन बसला. दुसऱ्या शुक्रवारी आठांतून दोन संगणक सुरू झाले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. बाईंनी हाताची घडी घातली आणि म्हणाल्या, "आता चिठ्ठ्या टाका."

चिठ्ठी निघेल त्याने बसायचं आणि आपलं नाव लिहायचं, एवढंच. वीज असेल तेवढ्या वेळात दिवसाला सात-आठ मुलं व्हायची. प्रत्येकजण इंग्रजी अक्षरं शोधत एका बोटाने नाव टाइप करायचा आणि मग नुसता पाहत बसायचा. एकाने स्वतःच्या नावाऐवजी बैलाचं नाव लिहिलं. बाई त्याला ओरडल्या नाहीत, उलट बैल किती वर्षांचा आहे ते विचारलं. जैवंताची चिठ्ठी शेवटाकडे निघाली. तिचा नंबर पुढच्या गुरुवारी होता. मी बाईंना म्हटलं, तिच्याच प्रश्नावरून हे सगळं झालं, तिला आधी बसवा. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी मोडली तर उद्या कोणी चिठ्ठीवर भरोसा ठेवन का सर?" मला ते पटलं होतं.

आणि मग बाईंनी ते केलं ज्यासाठी त्यांना कधी माफ करण्यात आलं नाही. संगणक उघडले हा त्यांचा गुन्हा नव्हता, तो नुसता बहाणा होता. त्यांनी जडवस्तू नोंदवही मागवून घेतली आणि संगणकांच्या ओळीपुढे लाल शाईने शेरा लिहिला: ‘आठही बंद होते. सुटे भाग एकत्र करून दोन चालू केले. सहा बंद.’ खाली पूर्ण सही आणि तारीख. त्या एका ओळीने मागच्या सगळ्या सह्या खोट्या ठरल्या. मुख्याध्यापकांची, माझी, आणि दारातून दिवे पाहून समाधानकारक लिहिणाऱ्या साहेबांचीही.

तो शेरा वर कळला आणि बुधवारी जीप आली. ह्या वेळी साहेब चप्पल काढून आत गेले. टेबलांवर सहा उघडे खोके आणि दोन चालू संगणक होते. साहेबांनी चालू असलेल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हे कोणाच्या परवानगीने उघडलं?"

"परवानगी तीनदा मागतली साहेब. नकला आहेत."

"उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी नाही, एवढं कळत नाही तुम्हाला?"

"कळते. मंग इतके दिवस बंद होते, त्याची परवानगी कोणी देल्ली होती तेही सांगा."

साहेबांनी कागद पुढ्यात ओढला. त्यांनी पंचनामा सुरू केला. शासकीय मालमत्तेची मोडतोड, सहा संगणक निकामी केले, असा विषय. शिक्षकांचा जबाब ते टाइप करूनच घेऊन आले होते. त्यात एक वाक्य होतं: ‘सदर आठही संगणक श्रीमती शेख यांनी उघडण्यापूर्वी सुस्थितीत व वापरात होते.’ खाली सह्यांसाठी जागा.

कागद माझ्यापुढे आला तेव्हा मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "रामटेके, तुमचा कायम करण्याचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे." शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी व्हायला मला चार महिने उरले होते. घरी आई होती, बहिणीचं शिक्षण चालू होतं. ही कारणं मी त्यानंतर स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की ती आता मलाच ऐकवत नाहीत. मी सही केली. माझ्या पाठोपाठ बाकीच्यांनी केली. शेवटी कागद गेडामभाऊंपुढे गेला, कारण चावी त्यांच्याकडून गेली होती. गेडामभाऊ हात जोडून म्हणाले, "मले वाचता येत नाई साहेब. न वाचता सही कशी करू?" साहेबांनी वाचून दाखवू का विचारलं. "नोको साहेब. मी गरीब माणूस, तुमी काय वाचान मले काय समजन." त्यांनी सही केली नाही. गेडामभाऊ रोज आम्हा सगळ्यांच्या आधी पेपर वाचायचे, अग्रलेखासकट.

दोन्ही चालू संगणक उरलेल्या सहांबरोबर सील झाले. खोलीला नवं कुलूप लागलं. गुरुवारी सकाळी जैवंता वेळेवर आली, हात धुऊन आली, कारण बाईंनी हात धुऊन बसायला सांगितलं होतं. खोलीपुढे थोडा वेळ उभी राहिली आणि मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली. सतरा मुलांच्या चिठ्ठ्या राहून गेल्या. सतराही जणांनी त्या वर्षी संगणकाची आकृती परीक्षेत अचूक काढली.

बाईंची बदली मधल्या वर्षात, दूर दक्षिणेला, सिरोंच्याच्या बाजूला झाली. तिथल्या मुलांची भाषा तेलुगू. वयाच्या त्या टप्प्यावर बाईंनी तेलुगू अक्षरं गिरवली आणि चार वर्षं तिथे विज्ञान शिकवलं, ह्याबद्दल तिकडचे सहकारी ह्या ग्रंथात लिहितीलच. मी एवढंच सांगतो की जाण्याच्या दिवशी मी तोंड लपवून व्हरांड्याच्या टोकाला उभा होतो आणि बाईंनी मला शोधून विचारलं, "डबा खाल्ला का सर?" मी कायम झालो तेव्हा त्यांचं पोस्टकार्ड आलं. अभिनंदन लिहिलं होतं आणि आईला कळवलं का असं विचारलं होतं. दुसरा एक शब्द नाही. मला त्या पोस्टकार्डाचा राग आला. खरं सांगतो, आजही येतो. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी इतकी वर्षं गप्प बसलो नसतो.

चौकशी पुढे कधी चाललीच नाही आणि कधी बंदही झाली नाही. अधिकारी बदलले, फाइल राहिली. सेवानिवृत्तीच्या दिवशी बाईंना शाल मिळाली, ना-चौकशी प्रमाणपत्र मिळालं नाही. सरकारदरबारी आजच्या तारखेला श्रीमती नसीम शेख ह्यांनी आठ उत्तम संगणकांपैकी सहांची नासधूस केलेली आहे. आणि ज्या साहेबांनी पंचनामा केला ते बढती मिळून आता मोठ्या पदावर आहेत आणि ह्या ग्रंथाच्या प्रकाशन समारंभाचे प्रमुख पाहुणे आहेत. निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावाखाली ‘शुभहस्ते’ असं छापलं आहे. समितीतल्या मित्रांना मी विचारलं की हे कसं काय. ते म्हणाले, जुन्या गोष्टी कशाला उकरता. त्या जुन्या झालेल्या नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे. उघडी फाइल जुनी होत नसते.

निवृत्तीनंतर बाई चंद्रपूरला परतल्या; गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी जाऊन आलो. ओसरीवर शेजारपाजारचे दोन-तीन मिक्सर आणि एक पंखा दुरुस्तीला पडले होते. मी म्हटलं, बाई, मी ह्या ग्रंथात सगळं लिहिणार आहे, माझ्या सहीसकट. त्या पेचकस हातात धरून थांबल्या.

"काऊन आता? तुमचे लेकरं शिकून राह्यले. मुख्याध्यापकाच्या बढतीच्या यादीत नाव आहे तुमचं."

"असू द्या. लिहितोच."

त्यांनी पंख्याचा एक स्क्रू काढला, वाटीत ठेवला. "जैवंताले त्या दिवशी आधी बसवाले पायजे होतं," त्या म्हणाल्या. "तुमी सांगतलं होतं. मी नाई आयकलं." आणि जरा वेळाने, "लिहाचंच म्हणता तर माझं कवतिक नका करू त्याच्यात. कम्प्युटर बंद होते, तेवढं लिहा. माझ्याशिवाय कोणीच लिहिलं नाई ते."

त्यांच्या ह्या शब्दातला कौतुक न करण्याचा अर्धा भाग मी मोडला आहे, त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी. राहिलेला अर्धा आता पाळतो. मी, त्या वेळचा शिक्षणसेवक रामटेके, लिहून देतो की श्रीमती शेख ह्यांनी उघडण्यापूर्वी आठही संगणक बंद होते. तपासणीच्या दिवशी पडद्यांचे दिवे मी स्वतः लावत होतो, त्यामुळे हे मला पक्कं माहीत होतं. माझा आधीचा जबाब खोटा आहे आणि तो मी माझी नोकरी वाचवण्यासाठी दिला. ह्या परिच्छेदाची सही केलेली प्रत मी चौकशीच्या कार्यालयाला रजिस्टर्ड टपालाने पाठवली आहे आणि पोच आलेली आहे. संपादक मंडळाला हा परिच्छेद गाळायचा असेल तर त्यांनी सबंध लेख गाळावा.

बाई, तुम्हाला भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. हे मी रीत म्हणून लिहीत नाही, मला तशी गरज आहे. तुमच्या तीन अर्जांना ज्यांनी उत्तर दिलं नाही ते माझ्या एका पत्राला लवकर देतील असं वाटत नाही. दर सहा महिन्यांनी मी स्मरणपत्र पाठवणार आहे. तोवर गुडघे सांभाळा, साखर कमी खा, औषधं चुकवू नका. कारण ज्या दिवशी त्या फाइलवर शेवटी ‘बंद’ असा शेरा पडेल, त्या दिवशी तो कागद घेऊन मला तुमच्याच दारात उभं राहायचं आहे.